रस्त्याकडेची भाजी आणि तिसरीचा वर्ग: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतली एक सरकारी प्राथमिक शाळा. मुलं, पालक आणि शिक्षक ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रसंगांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. तिसरीच्या या वर्गात जवळजवळ निम्मी मुलं आशियाई घरांतली होती: तेलुगू, गुजराती, तमिळ, चिनी, कोरियन, फिलिपिनो आणि दोन मराठी. याच काउंटीतल्या, मोठी आशियाई वस्ती असलेल्या एडिसन, इसेलिनच्या बाजूला राहणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. मी या शाळेच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करते आणि वाचनाच्या तासांना वर्गात मदतीला बसते, त्यामुळे हे सगळं जवळून पाहता आलं.

आशियाई-अमेरिकन लोकांचा इतिहास शाळेत शिकवलाच पाहिजे, असा कायदा सगळ्यात आधी इलिनॉयने जुलै 2021 मध्ये केला. न्यू जर्सीने जानेवारी 2022 मध्ये तेच पाऊल उचललं आणि 2022-23 पासून ते शाळांना लागू झालं. कायदा झाला तरी आठ वर्षांच्या मुलांना नेमकं काय आणि कसं सांगायचं, हे शेवटी वर्गातल्या बाईंनाच ठरवावं लागतं. इथल्या वर्गशिक्षिका गोऱ्या अमेरिकन, वाचन शिकवण्यात मुरलेल्या. त्यांनी पाठ्यपुस्तकी धडा न घेता मे महिन्यात दर आठवड्याला एक चित्रपुस्तक वाचायचं ठरवलं. मे अशासाठी की तो आशियाई-अमेरिकन वारशाचा महिना म्हणून पाळला जातो.

पुस्तकं चार होती. यांगसूक चोई यांचं 'द नेम जार' (2001): कोरियातून आलेली उन्हे नावाची मुलगी, बसमध्ये तिच्या नावाची टिंगल होते, आणि वर्गातली मुलं तिच्यासाठी नव्या नावांच्या चिठ्ठ्यांनी बरणी भरतात. अँड्रिया वांग यांचं 'वॉटरक्रेस' (2021), चित्रं जेसन चिन यांची. 2022 साली याला कॅल्डेकॉट पदक, म्हणजे चित्रपुस्तकातल्या चित्रांसाठीचा मोठा अमेरिकी पुरस्कार, मिळालं. बाओ फी यांचं 'अ डिफरंट पॉन्ड' (2017), चित्रं थी बुई यांची: मिनियापोलिसमधलं व्हिएतनामी निर्वासित कुटुंब, पहाटे अंधारात बाप-लेक मासे पकडायला जातात, हौस म्हणून नाही, रात्रीच्या जेवणासाठी. आणि मिन्ह ले आणि डॅन सँटॅट यांचं 'ड्रॉन टुगेदर' (2018): आजोबा थाई बोलतात, नातू इंग्रजी, दोघांना एकमेकांचं कळत नाही, मग दोघं चित्रं काढू लागतात.

निवडीमागचा विचार बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये मांडलेला. पुस्तक कुणासाठी आरसा असतं, ज्यात स्वतःचं जग दिसतं, कुणासाठी दुसऱ्याचं जग दाखवणारी खिडकी, कुणासाठी त्या जगात शिरायचं सरकतं दार. अमेरिकेतल्या प्राथमिक शिक्षकांना हे आता पाठच असतं. इथेही कागदावर सगळं चोख होतं: आशियाई मुलांना आरसा, बाकीच्यांना खिडकी.

अडचण कुठे आली

पहिला आठवडा सुरेख गेला. 'द नेम जार' वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "तुमचं नाव कुणी चुकीचं उच्चारलंय का?" वर्गभर हात वर. पोलिश आडनावाच्या मुलीपासून सगळ्यांकडे किस्से होते. हा प्रश्न प्रत्येक मुलाच्या अंगाला लागतो आणि कुणालाही उघडं पाडत नाही. त्याच साच्याचा प्रश्न पुढच्या पुस्तकालाही चालेल, असं मग गृहीत धरलं गेलं.

'वॉटरक्रेस'ची गोष्ट थोडक्यात अशी. ओहायोत जुन्या लाल गाडीतून चिनी कुटुंब चाललंय. आईवडिलांना रस्त्याकडेच्या पाण्यात वॉटरक्रेस दिसते. गाडी थांबते, मुलांना चिखलात उतरून ती भाजी खुडावी लागते. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं होतं, कारण फुकट म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे: दुसऱ्यांचे वापरलेले कपडे आणि लोकांनी रस्त्याकडेला टाकलेलं फर्निचर. रात्री ताटातली भाजी ती खात नाही. मग आई चीनमधल्या आपल्या कुटुंबाचा फोटो आणते आणि दुष्काळात गेलेल्या आपल्या लहान भावाबद्दल पहिल्यांदा सांगते.

वाचन संपल्यावर फळ्याजवळच्या चार्टवर प्रश्न होता: "तुमच्या घरातल्या कुठल्या गोष्टीची तुम्हाला कधी लाज वाटली आहे का?"

कुणी बोलेना. मग एका मुलाने शेजारच्या चिनी घरातल्या मुलाला विचारलं, "तुम्ही पण रस्त्यावरचं गवत खाता?" दोन-चार जण हसले. बाई म्हणाल्या, असं बोलणं बरं नाही, आणि पुढे गेल्या. वातावरण सावरावं म्हणून त्यांनी समोर बसलेल्या मराठी मुलीकडे पाहून हसत विचारलं, "तुझ्याही डब्यात वेगळं काही असतं ना?" ती म्हणाली, "मी लंचला पिझ्झा खाते."

हे खरं नव्हतं. किंडरगार्टनपासून ती पोळी-भाजीचा डबा आणत होती आणि कॅफेटेरियात बिनधास्त खात होती. दुसऱ्या दिवशी तिने आईला सांगितलं की डबा नको. चिनी मुलाची वाचनवही कोरी राहिली.

त्याच आठवड्यात तीन ईमेल आल्या आणि तिन्ही तीन दिशांना ओढणाऱ्या. मराठी मुलीच्या वडिलांनी लिहिलं की माझ्या मुलीला घरच्या जेवणाची लाज वाटत नव्हती, ती वाटायला हवी हे तुम्ही तिला शिकवलंत. चिनी मुलाच्या आईचं म्हणणं, दुष्काळात मेलेल्या मुलाची गोष्ट वाचणार असाल तर आधी कळवा. हे आमच्या घरात अजून बोललं गेलेलं नाही. तिसरी ईमेल 'गवत' म्हणणाऱ्या मुलाच्या आईची: प्रश्न विचारला म्हणून माझ्या मुलाला वर्गात वाईट ठरवलं गेलं.

वडिलांनी मलाही फोन केला, कारण आमची मराठी शाळेमुळे ओळख. ते चिडले होते. "ताई, आपण इथे इतकी वर्षं काय गरिबी दाखवायला आलोय का? ह्यांना आमच्याबद्दल दुसरं पुस्तक सापडत नाही?" त्यांचा राग मला पटला आणि नाहीही पटला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एमएसला आलेल्या किती मराठी पोरांनी अपार्टमेंटबाहेर टाकलेल्या गाद्या आणि टेबलं रात्री उचलून आणली, ते आमच्या पिढीत सगळ्यांना माहीत आहे. ते किस्से गेट-टुगेदरमध्ये हसत सांगितले जातात, मुलांसमोर सहसा नाही. पण त्यांचा मूळ मुद्दा, की प्रश्नानेच लाज आणली, तो बरोबर होता. मीटिंगमध्ये हा मुद्दा मी मांडला तेव्हा काही क्षण कुणाला उत्तर सुचलं नाही.

समोर असलेले पर्याय

वर्गशिक्षिका, प्रिन्सिपल, रीडिंग कोच, काउन्सेलर आणि मी असे बसलो.

वाचन तिथेच थांबवावं, हा पहिला पर्याय. तो कुणालाच नको होता, पण प्रिन्सिपलना तो बोलून दाखवावा लागला. पुस्तकांवर आक्षेप आला की शाळा घाबरतात, हे अमेरिकेत अलीकडे पुष्कळ दिसतं. इथे अडचण अशी की पुस्तक काढून टाकलं असतं तर मुलांनी त्याचा अर्थ एकच लावला असता: ती भाजी खुडणारी माणसं खरंच लाजिरवाणी होती.

दुसरा पर्याय आनंदी पुस्तकांचा. सण, पक्वान्नं, रंग. रीडिंग कोचचा कल याकडे. याला माझा विरोध होता, तो पुस्तकांना नव्हता. आशियाई मूल म्हणजे दिवाळी आणि डंपलिंग, एवढंच चित्र मुलांसमोर उभं राहिलं की त्यांना परत कुणाच्या तरी वतीने उभं राहावं लागतं, या वेळी हसऱ्या चेहऱ्याने.

तिसरा पर्याय काउन्सेलरचा: वर्गात चिडवण्याबद्दल वेगळा तास घ्यावा. तो घेतला असता तर 'गवत' हा शब्द त्या चिनी मुलाला वर्षभर चिकटला असता.

चौथा पर्याय वर्गशिक्षिकेनेच मांडला. पुस्तकं तीच ठेवायची. प्रश्न बदलायचे, आणि 'वॉटरक्रेस' पुन्हा वाचायचं. पुन्हा वाचण्यावर बरीच चर्चा झाली. प्रिन्सिपलचं म्हणणं, जखमेवर परत हात कशाला. बाईंचं म्हणणं, मुलांच्या डोक्यात आत्ता जे वाचन आहे ते अर्धवट आहे, तेच शेवटचं राहायला नको. शेवटी बाईंचं ऐकलं गेलं, पण दोन अटींवर: पालकांना आधी पत्र जाईल, आणि चर्चेत कुठल्याही मुलाला नाव घेऊन त्याच्या घराबद्दल विचारलं जाणार नाही. ही दुसरी अट काउन्सेलरची होती. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय.

काय केलं

पत्र अर्ध्या पानाचं होतं. कुठलं पुस्तक, त्यात काय आहे, दुष्काळाचा उल्लेख कसा येतो, मूल बोलायला तयार नसेल तर काय, आणि ज्यांना हवं त्यांनी पुस्तक लायब्ररीतून आधी न्यावं. चिनी मुलाच्या आईने नेलं. मराठी मुलीच्या वडिलांनी नेलं नाही.

दुसऱ्या वाचनात बाईंनी पहिल्यांदा एक अक्षरही वाचलं नाही. डॉक्युमेंट कॅमेऱ्याखाली पुस्तक ठेवून पानं सावकाश उलटली. प्रश्न एकच: काय दिसतंय, आणि असं का म्हणता? मध्ये एक जोडपान आहे. डावीकडे ओहायोचं मक्याचं शेत, आणि पानाच्या शिवणीपाशी येता येता मक्याची ताटं बांबू होतात, उजवीकडे चीन. पहिल्या वाचनात या पानावर कुणीच थांबलं नव्हतं, मोठीही नाहीत. आता एका मुलीने ते पकडलं. "इथे शेत बदललं." कुठून बदललं, यावर पाच मिनिटं वाद झाला आणि मुलं पडद्यापाशी जाऊन बोट लावून दाखवू लागली. एकजण म्हणाला, "आईला आठवतंय, म्हणून." दुसऱ्याने विचारलं, "बाबांना पण आठवत असेल ना? मग ते का नाही सांगत?" याचं उत्तर बाईंनी दिलं नाही, चार्टवर लिहून ठेवलं.

दुष्काळाबद्दल त्यांनी तीन-चार साधी वाक्यं सांगितली: 1958 नंतर चीनमध्ये काही वर्षं लोकांना अन्न मिळालं नाही, यात सरकारच्या चुकीच्या धोरणांचा मोठा वाटा होता, कोट्यवधी माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. आठ वर्षांच्या मुलांना हे झेपतं. थातुरमातुर सांगितलं की ती उलट जास्त घाबरतात.

मग बाईंनी वॉटरक्रेसची जुडी काढली. चिनी सुपरमार्केटमधून आणलेली. अ‍ॅलर्जीच्या नियमामुळे खायची नाही, फक्त पाहायची, वास घ्यायचा. आणि 'गवत' म्हणणारा तो मुलगा जुडीवरचं किमतीचं लेबल वाचून म्हणाला, "अरे, हे तर विकत मिळतं! मग हे गवत नाही."

मला वाटतं, दोन आठवड्यांतलं सगळ्यात मौल्यवान वाक्य हे. पहिल्या वेळेसारखं त्याला गप्प केलं असतं तर ते वाया गेलं असतं. बाईंनी ते वाक्य उचलून वर्गासमोर ठेवलं: पैसे दिले की भाजी आणि खुडली की गवत, असं असतं का? यावर मुलं अशी तुटून पडली की बेल झाली तरी उठेनात. एका मुलाने सांगितलं की त्याचे आजोबा दर वसंतात लॉनमधली डँडेलायनची पानं खुडून लसणात परततात. घर इटालियन वंशाचं, कितीतरी पिढ्या जर्सीतलं. दक्षिण जर्सीतलं वाइनलँड तर स्वतःला जगाची डँडेलायन राजधानी म्हणवतं. 'खिडकी'च्या बाजूला बसवलेल्या मुलाला आरसा सापडला, तोही कुणी न विचारता. आरसा-खिडकीची मांडणी चांगली आहे, पण कोणतं मूल कुठे बसणार हे आधीच ठरवून टाकलं तर ती कामाची राहत नाही.

घरच्या अभ्यासाला एक प्रश्न दिला: "घरातल्या कुणाला तरी विचारा, तुम्ही लहान असताना घरी काय खायचात?" वर्गात उत्तर आणायचं नाही, वहीत लिहायचं नाही. यावर रीडिंग कोच नाराज होत्या. मूल्यमापन कशाचं करणार? त्यांचं म्हणणं नोकरीच्या दृष्टीने रास्त होतं. मूल्यमापन मग जोडपानाबद्दल लिहिलेल्या परिच्छेदाचं केलं.

पुढची दोन पुस्तकं याच पद्धतीने झाली. 'अ डिफरंट पॉन्ड'मध्ये एक जागा आहे: शाळेतलं कुणी म्हणतं की तुझ्या बापाचं इंग्रजी गढूळ नदीसारखं आहे, आणि मुलाला ते हलक्या पावसासारखं वाटतं. इथे "तुमचे वडील कसं इंग्रजी बोलतात" हे विचारणं अगदी जिभेवर येतं. बाईंनी विचारलं, "हे वाक्य कथेत याच जागी का ठेवलं असेल?" मुलांची उत्तरं वेगवेगळी आली. काही भलतीच होती.

काय निष्पन्न झालं

चिनी मुलगा 'वॉटरक्रेस'च्या दुसऱ्या चर्चेतही बोलला नाही. त्याला बोलायला लावलं नाही. त्याची आई मात्र 'ड्रॉन टुगेदर'च्या तासाला येऊन मागे बसली. वर्गासमोर येऊन बोलण्याचं आमंत्रण तिला मुद्दाम दिलं नव्हतं; आशियाई पालक म्हटलं की कपडे, पदार्थ आणि स्लाइड शो घेऊन बोलावण्याची इथे सवयच आहे. ती श्रोता म्हणून आली. मुलाने त्या दिवशी आजोबांच्या साथीने केलेल्या लढाईचं दोन पानी चित्र काढलं.

मराठी मुलीच्या घरचं मला तिच्या आईकडून रविवारच्या मराठी शाळेत कळलं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या. नातीने तो प्रश्न त्यांनाच विचारला. आजी नगर जिल्ह्यातल्या. त्यांनी 1972 च्या दुष्काळाचं सांगितलं: दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणं, तिथे मिळणारी सुकडी, रेशनवरचा लालसर मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी, ज्याच्या भाकरी धड थापता येत नसत. आणि तो मिलो अमेरिकेतून यायचा, हेही. नातीला सगळ्यात मजा याची वाटली. आई म्हणाली, "ह्यांना पण हे सगळं असं सलग माहीत नव्हतं. जेवायचे थांबले आणि ऐकत बसले." मुलीने वर्गात यातलं काहीही सांगितलं नाही. सांगायचं नव्हतंच.

वडिलांची नंतर बाईंना दोन ओळींची ईमेल आली: पत्राबद्दल आभार, पुढच्या वर्षीही आधी कळवावं. त्यांचं मत बदललं असा दावा मी करणार नाही. डबा काही दिवसांनी परत सुरू झाला, पण पोळी-भाजी नाही. पराठ्याचा रोल, फॉइलमध्ये गुंडाळलेला, बाहेरून कुणाला काही कळू नये असा. त्यातलं किती त्या एका प्रश्नामुळे आणि किती नववं वर्ष लागल्यामुळे, ते सांगणं कठीण.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय करता आलं असतं

पत्र पहिल्या पुस्तकाआधीच जायला हवं होतं. यावर मतभेद नव्हते. तक्रारींपैकी निदान एक त्यानेच टळली असती.

'गवत' या वाक्याला पहिल्या क्षणी दिलेलं उत्तर हा खरा वळणाचा बिंदू. "बरं नाही" एवढं म्हणून पुढे गेल्याने तिघांचं नुकसान झालं: विचारणाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळलं नाही, ज्याला विचारलं तो एकटा पडला, आणि हसणारे सुटले. काउन्सेलरने नंतर एक पर्याय सुचवला: "तुला ते गवतासारखं का वाटलं? पुस्तकात कुठे तसं दिसतं?" असं विचारून बोट पुस्तकाकडे वळवायचं. ऐकायला सोपं आहे. वीस मुलं समोर असताना सुचायला फार अवघड.

पुस्तकांचा क्रमही चुकला. चारातली तीन पुस्तकं टोचणाऱ्या अनुभवाभोवती फिरतात. प्रत्येक पुस्तक उत्तम, पण ओळीने वाचली की आशियाई असणं म्हणजे काहीतरी सोसणं, असं मुलांना वाटू शकतं. वडिलांच्या रागात हा मुद्दा होता, आणि तो आनंदी पुस्तकांच्या बाजूने केलेल्या युक्तिवादापेक्षा वेगळा आहे. पुढच्या यादीत कॅट झँग यांचं 'एमी वू अँड द परफेक्ट बाओ' घेतलं आहे, ज्यात मुलीची एकमेव अडचण बाओ, म्हणजे सारण भरून वाफवलेले चिनी पाव, नीट जमत नाहीत ही आहे. सुप्रिया केळकर यांचं 'द मेनी कलर्स ऑफ हरप्रीत सिंग'ही आहे. केळकर मिशिगनमध्ये वाढलेल्या. त्यांची 'अहिंसा' ही कादंबरी त्यांच्या पणजी, स्वातंत्र्यसैनिक अनसूयाबाई काळे यांच्यावरून सुचलेली, म्हणून मराठी घरांतल्या मोठ्या मुलांना ती मी आवर्जून देते. 'ड्रॉन टुगेदर' आता पहिलं वाचायचं ठरलंय, कारण त्यात शब्द कमी आणि चित्रात शोधायला भरपूर.

मे महिन्याचा आग्रह सोडावा, असं मी सुचवलं. वर्षभर इतर पुस्तकांत मिसळून वाचलं तर कुणा मुलाला महिनाभर प्रदर्शनात उभं केल्यासारखं होणार नाही. प्रिन्सिपल अर्ध्यावर आले: दोन पुस्तकं ऑक्टोबरात, बाकीची मेमध्ये.

एका मुलाचं मात्र राहूनच गेलं. 'गवत' म्हणणाऱ्या मुलाच्या आईला शाळेने उत्तर पाठवलं, भेट ठरली, ती दोनदा पुढे गेली आणि जूनमध्ये शाळा संपली. भाजीच्या जुडीवरून त्याने वर्गाला जो प्रश्न दिला, त्याबद्दल त्याच्या घरी कुणी कळवलं नाही. वर्गशिक्षिकेने तो मजकूर चौथीच्या बाईंकडे दिलेल्या नोंदीत लिहिला आहे, आणि सप्टेंबरच्या पहिल्या पालकभेटीत तो त्याच्या आईला सांगायचा, असं ठरलं आहे.